वजाबाकीत सापडलेली बायको

उन्मेषराव खटावकरांनी जन्मात कुणावर पुरता विश्वास टाकला असेल तर तो मोजणीच्या टेपावर. आणि त्याच्यावरसुद्धा उन्हाळ्यात नाही, कारण उन्हात टेप ताणतो म्हणे. पस्तीस वर्षं भूमापन खात्यात काढलेला माणूस. हद्दीचे दगड चालत जातात हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी कोर्टाच्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसतात, तेही बघितलेलं. त्यामुळे समोरचा जे बोलेल त्यातून हातभर वजा करायचं आणि मग ऐकायचं, अशी कानाला सवयच लागली होती. दूधवाला जरा गोड हसला की यांचं बोट पातेल्यात.

अशा माणसाच्या हातात कुणी पाणचाखी द्यावी का? पण दिली. तीही पोटच्या लेकीनं.

"तीस वर्षांत तुम्ही दोघं नुसतं फिरायला म्हणून कुठं गेलेले मला आठवत नाही," असं म्हणत तिनं वेळकोंडच्या किनाऱ्यावर चार दिवसांचं बुकिंग करून टाकलं. मालवणच्याही खाली, एका खाडीच्या तोंडाशी. खोली समुद्राकडे तोंड केलेली, सकाळचा नाश्ता त्यांच्याकडून, आणि फिरायला एक पाणचाखी.

पाणचाखी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

दिसायला ती छत्रीच्या दांड्याएवढी. खालच्या टोकाला चाळणी, वरच्या टोकाला तळहाताएवढा पडदा. पाण्यात बुडवायची, नव्वद आकडे मोजायचे, की पडद्यावर यादी येते. काल इथून एक शेवटा मासा पोहत गेला. या कपारीत ऑक्टोपस बसून गेला. सकाळी पाणमांजर पाय धुऊन गेलं. हे तिला कसं कळतं? तर जिवंत म्हणून जे जे असतं, ते सारखं गळत असतं. माशाची बुळबुळ गळते, खेकड्याची कात गळते, माणसाच्या कातडीचा भुसा गळतो. त्या प्रत्येक कणात डीएनएचा धागा असतो, आणि कोण गेलं ते त्या धाग्यावर लिहिलेलं असतं. पाणचाखी पाणी गाळते, धागा उलगडते आणि वाचते. किती दिवसांपूर्वीचा तेही सांगते, कारण ऊन आणि मीठ त्या धाग्याला कातरत राहतात. धागा लांबलचक असला तर पाहुणा आत्ताच गेला. बारीक तुकडे झालेले असले तर जाऊन बरेच दिवस लोटले. पूर्वी या कामाला प्रयोगशाळा लागायची आणि आठवडा जायचा. आता ते काम काठीत मावलं होतं. मासे इतके कमी झाले होते की डोळ्यांना दिसायची मारामार. मग निदान कोण येऊन गेलं ते वाचून लोक खूश व्हायचे.

फक्त एक अडचण होती. समुद्रात डुंबणारी माणसं इतकी की मासा राहायचा बाजूला आणि यादीभर माणसंच. म्हणून पाणचाखी घेताना काउंटरवर थुंकी द्यायची. मग काठी तुमचा धागा ओळखते आणि यादीतून वजा करून टाकते. परक्यांबद्दल मात्र ती तोंड उघडत नाही. तसा कायदाच आहे. बाकीचे सगळे नुसते 'मनुष्य'. नाव नाही, गाव नाही, बाई की बाप्या तेही नाही.

"लहानपणी थुंकले म्हणून आईनं फटका दिला होता," शलाका काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. "आणि आता तुम्ही डबी पुढं करता!" आणि थुंकली. तिची नोंद झाली क्रमांक दोन.

क्रमांक एक मात्र नियमांची अठरा पानं वाचत उभा होता.

"अहो, मासे बघायचेत. बंगला नाही घ्यायचा," शलाका म्हणाली.

"सही करायच्या आधी वाचावं माणसानं."

"तीस वर्षांपूर्वी लग्नाच्या नोंदीवर सही केलीत, तेव्हा वाचलं होतंत का?"

"दोनदा," उन्मेषराव म्हणाले. ते खरंही होतं.

सकाळी दोघं किनाऱ्यावर उतरले. ओहोटी लागली होती. वाळू चाळणारी यंत्रं खेकड्यांसारखी आडवी आडवी चालत होती. शलाकानं चप्पल हातात घेतली, साडी घोट्याच्या वर खोचली आणि शाळा सुटल्यासारखी निघाली. छप्पन्न वर्षांची बाई, पण लांब वेणी आणि चालण्यातला झपाटा अजून तसाच.

"या बाजूला मी पहिल्यांदाच आले हं," ती म्हणाली.

हे वाक्य लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं. उन्मेषरावांनी ठेवलं, कारण ते सगळीच ठेवायचे.

वाटेत चहाची टपरी होती. टपरीवाली दर्शना कुबल, साठीच्या पुढची, हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे, आवाज असा की पलीकडच्या गावात बोट वळावी. शलाकाला बघताच ती ओरडली, "इलात वैनी परत? बरां झालां! बसा, बसा."

"आले हो आले," शलाका हसून म्हणाली आणि बाकावर बसली.

उन्मेषरावांचा कप ओठांपाशी थांबला. 

"तू ओळखतेस हिला?"

"छे! मी कशाला ओळखू?"

"मग 'परत' का म्हणाली?"

"मायेनं म्हणाली असेल. तुम्हाला कुणी म्हटलं नाही म्हणून राग आला का? प्या तो चहा, साय धरतेय."

उन्मेषरावांनी चहा प्यायला. गोड लागला नाही.

खडकाळ भागात ओहोटीनं डबकी मागं ठेवली होती. पहिल्याच डबक्यात शलाकानं काठी बुडवली आणि यादी आली: कुर्ली, कालवं, तारामासा, आणि कुठलासा समुद्री गोगलगायीचा प्रकार, ज्याचं नाव तीन ओळींचं. ती टाळ्या वाजवायला लागली. "अहो, तारामासा! पहाटे इथं होता म्हणे! आपण झोपलो होतो तेव्हा हा इथं बसला होता!"

दुसरा कुणी असता तर 'हो का' म्हणून पुढं गेला असता. पण सात-बारा उताऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून जो बारीक अक्षरांचा रकाना असतो, भांडण नेहमी तिथंच लपलेलं असतं, हे उन्मेषरावांना माहीत. त्यांनी काठी हातात घेतली आणि यादीच्या तळाशी 'तपशील' होता त्यावर बोट टेकवलं. आत 'वजाबाकी' होती. तीही उघडली.

नोंद एक: आत्ता.
नोंद दोन: आत्ता.
नोंद दोन: वीस ते पन्नास दिवसांपूर्वी.

त्यांनी चष्मा पुसला. परत वाचलं. नोंद दोन म्हणजे शलाका. आणि ती काल संध्याकाळी पहिल्यांदा या किनाऱ्यावर आली होती.

मोजणीचा नियम असा की एका वाचनावर बोलायचं नाही, तीन घ्यायची. त्यांनी काठी गोड्या पाण्यानं धुतली, दहा पावलं पुढं गेले, शलाकाला लांब उभं केलं आणि पुन्हा बुडवली. तेच. तिसऱ्या डबक्यात तेच, आणि जरा जास्तच.

"काय सापडलं?" शलाकानं लांबूनच विचारलं.

"कालवं," उन्मेषराव म्हणाले.

आता वीस ते पन्नास दिवस म्हणजे तीस दिवसांची जागा. पण संशयाला एवढी जागा लागत नाही, त्याला एक दिवस पुरतो. उन्मेषरावांना तो ताबडतोब सापडला. सव्वीस दिवसांपूर्वी शलाका सांगलीला गेली होती. मावसबहिणीच्या, कुमुदच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. चार दिवस. एका संध्याकाळी त्यांनी फोन केला, तेव्हा मागं सूं सूं आवाज येत होता. पंखा असेल असं तेव्हा वाटलं होतं. आता त्या पंख्याच्या लाटा व्हायला लागल्या. एक आली, एक गेली, पुन्हा एक आली.

"कुमुदचा गुडघा कसा आहे गं आता?" त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"चालते ती. का?"

"काही नाही. सांगलीला तेव्हा हवा कशी होती?"

"हवा? सांगलीसारखी."

"वारं होतं का खूप?"

शलाकानं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "ऊन लागलं का? टोपी घाला."

उन्मेषरावांनी खिशातून छोटी वही काढली. किनाऱ्याचा नकाशा काढला, तीन डबक्यांच्या तीन खुणा केल्या, प्रत्येकीपाशी नोंद दोनच्या कणांचा आकडा मांडला. उत्तरेकडे आकडा लहान, दक्षिणेकडे मोठा. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडत होतं. म्हणजे जे काही वाहून येत होतं ते खाडीच्या बाजूनं. त्यांनी बाण काढला आणि त्या दिशेनं चालायला लागले. दर पन्नास पावलांवर थांबायचे, वाकायचे, काठी बुडवायचे, नव्वद मोजायचे.

आणि शलाकाला वाटलं काय? की आपल्या नवऱ्याला अखेर हौस आली. तीस वर्षं ज्याला 'जरा चांदणं बघा' म्हटलं तर तो 'उद्या ऊन पडेल' म्हणायचा, तो आज गुडघाभर पाण्यात उभा राहून कालवं शोधतोय! तिनं त्यांचा दंड धरला. "माझी आई असती ना, तर डोळे भरून बघितलं असतं तिनं. जावई म्हणजे देवमाणूस, हेच शेवटपर्यंत म्हणायची. आठवतं ना? पंगतीत पहिलं ताट तुमचं. मामा बसलेले असोत, कुणी असो."

उन्मेषराव एकदम खोकले. "खारा वारा," म्हणाले आणि पुढचं डबकं गाठलं.

आकडा वाढतच होता. वळणापाशी दुप्पट. केवड्याच्या झाडीपाशी चौपट. शेवटी खाडीचं तोंड आलं. तिथं वाळू संपून चिखल सुरू होत होता, खारफुटीची झाडं होती, आणि पाण्याच्या कडेनं काळे जाड कसले तरी दोर पडलेले, जुन्या जाळ्यांसारखे. माणूस नव्हतं. उन्मेषरावांनी काठी बुडवली आणि पडद्यावर जो आकडा आला तो चष्मा काढून पुन्हा वाचला. ही बाई इथं नुसती येऊन गेली नव्हती. ही इथं राहिली होती!

त्यांनी मान वर केली. काठावर, माडांच्या सावलीत एक छोटं कौलारू घर. भाड्यानं देतात तसलं. पुढं ओटा. ओट्यावर वेताच्या दोन खुर्च्या, समुद्राकडे तोंड करून. मोजणीदाराच्या डोळ्यानं आपोआप मोजलं. दोन्ही खुर्च्यांच्या मधलं अंतर फक्त एक वीत.

"बसू या का इथं?" शलाका म्हणाली आणि सरळ जाऊन त्यातल्या एकीवर बसली. डावीकडच्या. अजिबात विचार न करता. जणू रोजची जागा.

उन्मेषराव दुसऱ्या खुर्चीवर टेकले. टेकले म्हणजे अर्धेच, कारण या खुर्चीत आधी कोण बसलं असेल याचा विचार चालला होता. ओरडावं? रडावं? लेकीला फोन करावा? त्यातलं काही त्यांना जमणारं नव्हतं. त्यांना जमायचं एकच काम, बांधावरचं भांडण मिटवणं. आणि त्यात त्यांचा एक हातखंडा होता, पाटणपासून वडूजपर्यंत नावाजलेला. दोन शेजारी हटून बसले की दोघांतल्या एकाला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, तू आधी एक फूट सोड. समोरच्यांदेखत, मोठ्या मनानं. मग बघ, तो लाजेनं दोन फूट सोडतो. पस्तीस वर्षांत ही युक्ती फसली नव्हती.

"शलाका," ते म्हणाले, "आपण एक करू. मी माझं एक सांगतो. आजवर कुणाला न सांगितलेलं. मग तू तुझं सांग. मी रागावणार नाही. दोघं मोकळे होऊ."

शलाकाला हसू फुटलं. काय असणार? साखर वाढलेली असताना खाल्लेले पेढे. "चालेल की. तुम्ही आधी."

"तुझं फलटणचं स्थळ."

हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थांबलं.

"ते मोडलं ना," उन्मेषराव पाण्याकडे बघत म्हणाले, "त्यांना निनावी पत्र गेलं होतं. ते मी लिहिलं होतं."

एक वाळूचं यंत्र आडवं चालत आलं, चिखल लागला तसं वळून परत गेलं.

"माझ्या मित्राच्या, सुनीलच्या लग्नात मी तुला बघितलं होतं. पंगतीत मठ्ठा वाढत होतीस. घरी सांगितलं, तर अण्णा म्हणाले, यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. तोवर तुझी सुपारी फुटणार असं कळलं. मग मी डाव्या हातानं लिहिलं. 'मुलीला फिट येतात. चौकशी करावी. आपला हितचिंतक.' कऱ्हाडचा शिक्का नको म्हणून साताऱ्याला जाऊन टाकलं." ते थांबले. एक फूट सोडायचा होता, हे बहुतेक सगळं वावरच गेलं असं त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. पण आता हद्द ओलांडून झाली होती. "बस. एवढंच. आता तू."

शलाकानं पायाची वाळू झटकली.

"आता तू सांग. मी म्हटलं ना, रागावणार नाही. कोण होता तो?"

"कोण कोण होता?"

"तुझ्याबरोबर. इथं." उन्मेषरावांनी काठीचा पडदा तिच्यापुढं धरला, वही उघडली, बाण दाखवला. "हे बघ. नोंद दोन. वीस ते पन्नास दिवस. तू सांगलीला नव्हतीस. तू इथं होतीस. चहावालीनंसुद्धा ओळखलं तुला."

शलाकानं पडदा वाचला. नकाशा बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं, अगदी सावकाश, जसा एखादा नवाच माणूस शेजारी येऊन बसावा.

"म्हणजे सकाळपासून तुम्ही कालवं नव्हता शोधत," ती म्हणाली. "मला शोधत होता."

तेवढ्यात खालून पचाक पचाक आवाज आला. चिखलातून दर्शना कुबल येत होती, पाठीला भलीमोठी पिशवी. टपरी दुपारपर्यंतच असायची. ओहोटीच्या वेळी तिचं काम खाडीवर. तिनं पाण्यातला तो काळा दोर उचलला आणि पिळायला लागली. कोपरापर्यंत मोजे काळेकुट्ट.

"अगो वैनी, हयसर इलात!" ती वर बघून ओरडली. "सांभाळून हां, तेल आसा."

उन्मेषराव ताडकन उठले. "बाई, खरं सांगा. ही याआधी कधी आली होती इथं?"

"कोण, वैनी? माका काय म्हायत!"

"तुम्ही म्हणालात ना सकाळी, परत इलात म्हणून!"

"ता मी सगळ्यांकच म्हणतंय! परत इलात म्हटला की माणूस खराच परत येता." मग तिची नजर उन्मेषरावांच्या हातातल्या काठीकडे गेली, वहीकडे गेली, बाईच्या तोंडाकडे गेली, आणि तिनं काळे हात कपाळाला लावले. "अरे देवा. वजाबाकी उघडलास ना तुमी? खंयचे तुमी?"

"कऱ्हाडचे."

दर्शनानं पिळलेला दोर वर धरला. त्याच्या टोकाला प्लॅस्टिकची पट्टी होती. ती तिनं पदराला पुसली आणि वाचली. "कऱ्हाड, शनिवार पेठ. हो बघा तुमचोच माल."

मग तिनं जे सांगितलं ते असं. दिवाळीच्या सुमारास एका जहाजाचं तेल फुटलं आणि खाडीत शिरलं. खारफुटी मरायला लागली. तेल पकडायला माणसाच्या केसांसारखं दुसरं काही नाही. पाणी केसावरून निघून जातं, पण तेल चिकटून बसतं, डोक्याला लावतो तसंच. म्हणून गावोगावचे केस गोळा करून त्यांचे लांब लोड शिवायचे, आत सलूनमधले कापलेले, वरून बायकांच्या लांब केसांचं विणकाम, आणि ते खाडीच्या तोंडाशी आडवे टाकायचे. हे जे जाळ्यासारखं पडलं होतं ते सगळं केसच होते. आणि केसाच्या दांड्यात डीएनएचा धागा मुळातच तुटलेला, तुकड्या-तुकड्यांचा असतो.

"त्या काठयेक केस समाजनत नाय," दर्शना म्हणाली. "कालचो केस आसलो तरी म्हयन्याचो सांगता. तुमी काय पयलेच नाय हां. गेल्या म्हयन्यात एक बापयमाणूस हयच बसान रडत होतो. बायको त्याचीच, केस त्याच्याच सलूनातले."

"अगं बाई! केसवाली!" शलाका म्हणाली. "गल्लीत येते ती. वेणी घालताना निघतं ते गुंतवळ मी पिशवीत जमवते. दर दोन-तीन महिन्यांनी घेऊन जाते ती, वर भांडं देते. परवाच डबा दिला." ती खाली उतरली, चिखलाच्या कडेला वाकली आणि त्या काळ्या लोडाला बोट लावून बघितलं. "हे माझे केस?"

"तुमचे न् तुमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे. घट्ट आसत हां. गावठी तेलाचे केस, बरे टिकतत." आणि दर्शना तो लोड ओढत खारफुटीच्या पलीकडे निघून गेली.

उन्मेषरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतका हलका झाला माणूस की ओट्यावरून खाली पाण्यात उतरून मोठ्यानं हसायलाच लागला. "केस! शलाका, केस होते! मी काय काय मनात आणलं बघ! चल, जेवू. बांगडा खाऊ. तुला हवं ते खाऊ."

शलाका बोट पाण्यात धूत होती. धुऊन झालं तरी धूतच होती.

"माझ्या वडिलांनी," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टरांचं सर्टिफिकेट केलं होतं. मुलीला फिट येत नाहीत म्हणून. ते खिशात घालून हिंडायचे. लोक वाचायचे, बरं म्हणायचे, आणि कळवतो म्हणायचे. सर्टिफिकेट काढलंय म्हणजे काहीतरी असणारच, असं बोलायचे मागं. मी स्वतः सुद्धा घाबरायला लागले होते. चक्कर आली तरी आईला सांगायची नाही. धाकट्या बहिणीचं लग्न दोन वर्षं अडलं."

"शलाका, तेव्हा मी..."

"मग तुमचं स्थळ आलं. खटावकरांनी काही चौकशी केली नाही. नुसतं हो म्हणाले. केवढं मन, केवढं मन! गावभर झालं. आई जिवंत होती तोवर सणाला पहिली पोळी तुमची. मी तापात उठून तुमचा डबा केलाय, का? तर या माणसानं मला पदरात घेतलं." ती सरळ उभी राहिली. "चौकशी कशाला कराल? तुम्हाला माहीतच होतं की काही नाही म्हणून."

उन्मेषरावांनी तोंड उघडलं. पस्तीस वर्षांत त्यांनी कितीतरी पंचनामे लिहिले होते, पण इथं तीनच शब्द निघाले. "तू हवी होतीस," एवढंच म्हणाले.

"ते कळलं," शलाका म्हणाली. "मागून घ्यायचं होतंत."

भरती लागली होती, पाणी परत खाडीत शिरायला लागलं होतं. मग उन्मेषरावांनी न राहवून एक विचारलं. विचारायला नको होतं, पण त्यांचा स्वभाव गप्प बसू देईना.

"त्या फलटणच्या मुलाचं... आता मला नावही आठवत नाही..."

"हर्षवर्धन," शलाका म्हणाली.

एवढं चटकन! तीस वर्षांत घरात ते नाव एकदाही निघालं नव्हतं, आणि आज आठवायला तिला श्वासाएवढाही वेळ लागला नाही. उन्मेषरावांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागापेक्षा वाईट काहीतरी होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यात एक बारीक चमक, जी त्यांनी फार वर्षांपूर्वी मठ्ठा वाढताना बघितली होती.

शलाकानं चप्पल उचलली, साडीचा काठ पिळला, आणि उन्मेषरावांच्या हातातली काठी पुन्हा नीट धरवली, लहान मुलाला द्यावी तशी.

"तुम्हाला खरंच शोधायचं होतं ना, त्या चार दिवसांत मी कुठं होते?"

"सांगलीला," उन्मेषराव घाईघाईनं म्हणाले. "कुमुदकडं. गुडघा. मला पटलं."

"तिला चार दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. भेटायची वेळ सकाळी एक तास," शलाका म्हणाली. "बाकीचा दिवस मोकळाच होता माझा. फलटणला समुद्र नाही हो. पण कालवा आहे, गावातूनच जातो. तिथं बुडवून बघा."

आणि ती निघाली. भिजलेल्या वाळूतून, वेणी पाठीवर झुलवत, बांगडा खायला. एकदाही मागं वळली नाही.

उन्मेषराव पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे. थट्टा करतेय, त्यांनी स्वतःला बजावलं. थट्टाच. तीस वर्षांची बायको आहे, तिला कळत नाही का. आणि बजावता बजावता खिशातून वही निघालीसुद्धा, नवं पान उघडलंसुद्धा. सांगली ते फलटण. सकाळी एक तास भेटून निघालं, तर दुपारच्या जेवणाला पोचतं माणूस. संध्याकाळी परत. म्हणजे त्या फोनमध्ये मागं जो आवाज होता तो... कालव्याला असा आवाज असतो का?